पूर ओसरल्यावर घर धुताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ ची, त्यामुळे गावभागात तळमजल्यावर राहणाऱ्या आम्हाला काय ते कळून चुकलं होतं. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे जाऊन राहिलो. पुराबद्दल, बोटींबद्दल भरपूर लिहून झालंय. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या कामाचं. पाणी गेल्यावर घर धुवायचं कसं, हे कुणी नीट सांगत नाही. जे सांगतात ते फिनेलपासून सुरुवात करतात.

पाणी घोट्याएवढं उरलं तसा सासूबाईंनी परत जायचा धोशा लावला. २००५ चा पूर त्यांनी याच घरात निस्तरलेला. "गाळ वाळला की फरशीला धरून बसतो. पाणी आहे तोवर पाण्याबरोबरच घालवायचा." ही एक गोष्ट ऐकली म्हणून आमचं निम्मं काम वाचलं. पलीकडच्या घरातली माणसं सगळं कोरडं झाल्यावर आली, ती पुढे खुरप्याने फरशी खरवडत होती.

वीज बंदच होती, तरी भाऊजींनी आधी मेन स्विच पाडला. गमबूट, रबरी हातमोजे घालूनच आत शिरलो. यांच्या पायाला चीर पडलेली, म्हणून यांना गाळात उतरू दिलं नाही. अशा पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते आणि त्याचे जंतू जखमेतून सहज शिरतात. दाराबाहेरची कामं यांच्याकडे. काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढले. पंचनामा व्हायच्या आत सामान रस्त्यावर टाकून मोकळं होण्याची घाई करू नये.

पुराचा गाळ म्हणजे साधा चिखल नव्हे. बोटाला मऊ, चक्क्यासारखा लागतो, पण गटारं, डिझेल, मेलेली जनावरं, सगळं त्यात आलेलं असतं. मागच्या मोरीपासून सुरुवात केली. खराट्याने ढवळायचा, पाण्यात गाळ उठला की वायपरने पुढच्या दाराकडे लोटायचा, तिथून फावड्याने घमेल्यात. मोरीच्या जाळीत गाळ लोटायचा मोह फार होतो, पण एकदा का पाइप भरला की सगळं पाणी घरातच. आम्ही जाळीवर पोतं दाबून ठेवलं होतं.

ढोबळ गाळ गेल्यावर मात्र लगेच फरशीला हात लावायचा नाही. आधी भिंती, मग ओटा आणि फळ्या, शेवटी जमीन. वरची घाण खालीच येणार. धाकट्या भाऊजींनी उत्साहात स्वयंपाकघराची शहाबादी चकाचक केली आणि मग फडताळाच्या वरच्या कप्प्यातलं गढूळ पाणी तिच्यावर ओतलं. "वैनी, आता?" आता काय, पुन्हा!

नळाला पाणी नव्हतं. टँकरचं यायचं, तेही बादल्या मोजून. मग पाण्याची उतरंड लावली. भांडी विसळलेलं पाणी ओट्याला, ओट्याचं फरशीला, फरशीचं अंगणाला. उलटं कधीच नाही. फडक्यांचंही तसंच, संडासचं वेगळं, स्वयंपाकघराचं वेगळं.

घासायला धुण्याची पावडर, काथ्या, आणि तेलकट थर होता तिथे धुण्याचा सोडा, एवढंच पुरलं. पावडरचं पाणी टाकून दहा मिनिटं नुसतं बसायचं, चहा घ्यायचा. तेवढ्यात मळ सुटतो. लगेच घासायला घेतलं की खांदे जातात, मळ जागच्या जागी.

या टप्प्यावर गल्लीत ब्लीचिंग पावडर वाटायला आले. लोकांनी ती सरळ गाळावर भुरभुरली, पांढरं दिसलं की समाधान. माझं मत स्पष्ट आहे. ती पावडर वाया गेली. क्लोरीनचा जोर घाणीतच संपतो, जंतूंपर्यंत पोचतच नाही. ती आधी धुतलेल्या, नितळ जागेवर वापरायची. दहा लिटरच्या बादलीला साधारण १५० ग्रॅम, पाणी गार, चांगलं ढवळून पावडरीचा साका खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी घ्यायचं. फरशीवर टाकून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं. खिडक्या उघड्या हव्यात. संडास धुवायचं ॲसिड आणि हे कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. शेजारी एका बाईंनी दोन्ही एकाच बादलीत ओतलं आणि खोकत खोकत रस्त्यावर आल्या. लोखंडावरही ब्लीचिंग जास्त वेळ ठेवू नये, गंजतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो गोदरेजच्या कपाटाने. वरून पुसून लखलखीत, तरी खोलीत नदीचा वास. शेवटी भाऊजींनी कपाट आडवं पाडलं. तळाला जो पोकळ पत्रा असतो, त्यात बोटभर गाळ, गाळात सासूबाईंच्या पैठणीचं एक बटण आणि मेलेला खेकडा. म्हणजे ब्लाउजचं बटण. फ्रिजच्या मागची जाळी, शिवणयंत्राचा पायटा, दाराच्या चौकटीखालची फट, सगळीकडे हेच. वास येत असेल तर फिनेल ओतू नका, गाळ कुठे अडकलाय ते शोधा.

गाद्या, उशा दिल्या टाकून. कापसात शिरलेलं पाणी काही निघत नाही. लाकडी सामान मात्र फेकायच्या रांगेतून मी ओढून आणलं. फुगलेले ड्रॉवर ओढाताण न करता मागची फळी काढून सोडवले आणि सावलीत, खाली विटा देऊन ठेवले. उन्हात ठेवलेला शेजारचा दिवाण तडकला. फोटो ओले असतानाच एकेक सुटे करून स्वच्छ पाण्यात बुडवले आणि दोरीवर चिमट्याने लावले. जे आधीच वाळून एकमेकांना चिकटले होते, ते पुन्हा पाण्यात भिजवल्यावर काही सुटले, काहींवरचे चेहरे गेले. स्टीलची भांडी घासून उकळत्या पाण्यातून काढली. डब्यांतलं धान्य, मसाले, झाकण घट्ट होतं तरी ठेवले नाहीत. सासूबाईंना हळदीचं फार वाईट वाटलं, सांगलीत राहून हळद टाकायची म्हणजे काय!

भिंतींचं वेगळंच. पाण्याची रेघ माझ्या खांद्याला लागत होती. वरून पुसल्या तरी आतून ओल कितीतरी दिवस निघत राहते. ऑइलपेंट होता तिथे फोड आले, ते खरवडून काढले म्हणजे भिंतीला श्वास घेता येतो. कपाटं भिंतीपासून वीतभर लांब. इलेक्ट्रिशियनने सगळं वायरिंग तपासल्यावरच पंखे लावले. रंगारी म्हणाला, "दिवाळीआधी रंग देतो." मी म्हटलं, चुना दे. चुन्यातून ओल निघून जाते. रंग पुढच्या उन्हाळ्यात दिला.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा गाद्या आणि फोटो आधीच माडीवर गेले होते. खराटे, दोन वायपर, फावडं, गमबूट आणि पोती आता पोटमाळ्यावर कायमची असतात. ब्लीचिंग पावडर तेवढी आधी आणून ठेवत नाही, डबा उघडला की तिचा जोर जातो.