नोंदी चोख, हाडं मऊ

साधारण तीन महिन्यांचं बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं पिल्लू, वजन 41 ग्रॅम. खालचा जबडा दोन बोटांत अलगद धरला तर रबरासारखा वाकत होता. आणणाऱ्यांची तक्रार मात्र एवढीच होती, "डॉक्टर, चार दिवस शी केलेली नाही आणि डावा पंजा मधूनच थरथरतो."

आजोबा आणि नातू असे दोघे आले होते. आजोबांनी पिशवीतून शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. तारीख, वेळ, काय दिलं, किती खाल्लं, शी झाली की नाही, सगळं ओळीने. "सकाळी 8.10, मीलवर्म 14, रातकिडे 9. संध्याकाळी 6.00, रातकिडे 16, नाकतोडा 1 (टेकडीवरचा)." मीलवर्म म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या. इतकी नेटकी नोंद इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांच्या केसपेपरवरही मला सापडत नाही. पिल्लू उपाशी नव्हतं, हे त्या वहीवरून सिद्धच होत होतं. आणि नेमकं तेच मला अजून खटकतंय.

सरड्याला तपासणं म्हणजे आधी नुसतं बघत बसणं. निरोगी पिल्लू टेबलावर ठेवलं की पुढच्या पायांवर छाती उचलून मान ताठ करतं. हे पोट टेकवून पसरलं होतं. मागच्या मांड्या गुबगुबीत दिसत होत्या, आणि घरच्यांना तेच बाळसं वाटत होतं. ते बाळसं नव्हे. हाडातलं कॅल्शियम निघून गेलं की पोकळ झालेल्या हाडाला आधार द्यायला शरीर तिथे तंतुमय ऊतक भरतं, म्हणून पाय जाड दिसतात. शेपटीच्या मुळाशी एक बारीक बाक होता आणि बोटांची टोकं थरथरत होती. आधीच्या एका दवाखान्यात याला अँटिबायोटिक आणि बी-कॉम्प्लेक्स टोचून पाठवलं होतं. सरडा मलूल दिसला की अँटिबायोटिक द्यायचं, ही आमच्या धंद्यातली सवय कधी जाणार कोण जाणे. जबडा दाबून बघायला पाच सेकंदही लागत नाहीत.

एक्स-रेसाठी भूल लागत नाही. दोन्ही डोळ्यांवर कापसाचे छोटे बोळे ठेवून वरून सैलसर चिकटपट्टी गुंडाळली की सरड्याच्या हृदयाची गती उतरते आणि तो कितीतरी मिनिटं निपचित पडून राहतो. ही युक्ती पहिल्यांदा बघणारे नातेवाईक घाबरतात, म्हणून आधी सांगून ठेवावं लागतं. फिल्मवर मांडीच्या हाडाची बाहेरची पांढरी रेघ जेमतेम दिसत होती. हाड आणि मांस यांच्या रंगात फरकच उरला नव्हता. एका मांडीत जुना, दुमडल्यासारखा मोडलेला भाग होता. घरच्यांना पक्की खात्री होती की टाकीतली वाळू पोटात जाऊन अडकली आहे. वाळू थोडी होती, पण वाट अडवण्याइतकी नाही. आतड्याच्या स्नायूंनाही आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं, शी अडली होती ती त्यामुळे. वाळू वाईटच, पिल्लाच्या टाकीत ती कधीच नको, साधा किचन टॉवेल किंवा वर्तमानपत्र घालावं. पण हल्ली प्रत्येक दुखण्याचं खापर वाळूवर फोडून लोक मोकळे होतात आणि खरं कारण डोक्यावर टांगलेलं राहतं.

डोक्यावर काय टांगलं होतं? लाल बल्ब. दुकानदाराने 'सरड्याचा खास दिवा' म्हणून दिलेला. उष्णता देतो, बाकी काही नाही. टाकी पूर्वेच्या खिडकीशी होती, सकाळचं कोवळं ऊन थेट पिल्लावर पडायचं, वहीत त्याचीही वेळ होती. पण खिडकीची काच बंद, आणि टाकीही काचेची. या प्राण्याला लागतात ते साधारण 290 ते 315 नॅनोमीटरचे यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण, आणि साधी काच ते जवळपास सगळेच अडवते. ते त्वचेवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून ड जीवनसत्त्वाचं कच्चं रूप बनतं, अंगाच्या उबेने त्याचं ड-3 होतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात, तेव्हा कुठे आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. ही साखळी पहिल्याच कडीला तुटली होती. उबेचीही बोंब होती. टाकीला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर 38 दाखवत होता, तो कोपऱ्यातल्या हवेचा. फोटोत पिल्लू जिथे बसलेलं दिसत होतं, त्या दगडावर लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन धरून बघायला सांगितलं, तर घरून 32 आकडा आला. पिल्लाला बसायच्या जागेचा पृष्ठभाग 40 ते 42 अंश हवा आणि टाकीचं दुसरं टोक 26-27 पर्यंत थंड, म्हणजे त्याला हवं तसं सरकता येतं.

आता खाण्याकडे. रातकिड्यात कॅल्शियमच्या सुमारे सातपट फॉस्फरस असतो, मीलवर्ममध्ये पंधरापटीहूनही जास्त. सरड्याला हवं असतं उलटं, फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम. म्हणजे पावडर न लावता दिलेला प्रत्येक किडा तराजू चुकीच्या बाजूला झुकवतो. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून उचल घ्यायला लागते. त्यामुळे रक्ततपासणीत एकूण कॅल्शियम बराच काळ ठीकठाक दिसतं आणि रिपोर्ट बघून लोक निर्धास्त राहतात. बघायचं असतं ते आयनयुक्त, म्हणजे रक्तात मोकळं असलेलं कॅल्शियम. तेही 41 ग्रॅमच्या जिवातून शेपटीखालच्या शिरेतून 0.3 मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त काढायचं नाही या हिशोबात. रिपोर्टमध्ये ते कमी आलं आणि फॉस्फरस चढलेला.

वही वाचताना एका नोंदीशी मी थबकलो. भंडारदऱ्याच्या सहलीहून नातवाने बरणीत काजवे आणले होते. "काजवा 1. नेम चुकला, खाल्ला नाही." अमेरिकेतल्या जातीचा एकेक काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन तास-दोन तासांत मेल्याच्या नोंदी आहेत. काजव्याच्या अंगातलं विष हृदयावर चालतं. आपल्याकडच्या जाती किती विषारी हे घरच्या प्राण्यावर करून बघायचं काही कारण नाही. दुखण्याने जीभ आणि जबडा ढिला पडला होता म्हणून त्याचा नेम चुकला. आजारपणाने प्राण वाचवल्याचं हे उदाहरण मी आजोबांना सांगितलं तेव्हा नातवाचा चेहरा पांढराफटक पडला. टेकडीवरचे नाकतोडेही बंद करायला लावले. आसपासच्या बागांत, शेतांत काय फवारलेलं असतं हे कोणाला माहीत, आणि जंतांची अंडी फुकट येतात ती वेगळीच.

उपचारांत क्रम चुकला की प्राणी जातो. आधी ऊब, मग पाणी, मग कॅल्शियम, सगळ्यात शेवटी खाणं. गार पडलेल्या सरड्याच्या घशात अन्न ढकललं तर ते पोटात कुजतं. दोन तास उबदार पेटीत ठेवलं, कोमट सलाइन कातडीखाली दिलं. थरथर होती म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट पातळ करून पुढच्या भागात टोचलं. मागच्या पायातलं रक्त थेट मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं, म्हणून आम्ही शक्यतो पुढचा भाग निवडतो. थरथर थांबल्यावर तोंडाने कॅल्शियमचं सिरप. ड जीवनसत्त्वाचं मोठं इंजेक्शन देऊन टाकायची घाई मी करत नाही. ते जास्त झालं तर मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत चुना धरतो, आणि तो काढायला औषध नाही. अंघोळीच्या कोमट पाण्यात, खांद्यापर्यंतच, दहा मिनिटं सोडल्यावर दुसऱ्या दिवशी शी झाली. तिच्यात कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी सापडले नाहीत, नशीब. गर्दीत वाढलेल्या पिल्लांत ते बरेचदा असतात.

आजोबांनी खिशातून चुन्याची डबी काढली. शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज पाण्यातून द्या, हाडं पक्की होतात. "मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारतो." त्यांच्या या एका वाक्याने मोठा घात टळला. पानाचा चुना दाहक असतो, एवढ्याशा तोंडाची आणि अन्ननलिकेची आतली त्वचा तो भाजून काढेल. हवं ते कॅल्शियम कार्बोनेट, फॉस्फरस नसलेलं. सरड्यांची तयार पावडर महाग वाटत असेल तर पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस आणून मैद्याइतका बारीक कुटावा आणि वस्त्रगाळ करावा, तोही कॅल्शियम कार्बोनेटच असतो.

घरी काय करायचं ते लिहून दिलं. टाकीच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश लांबीची टी-फाइव्ह (बारीक जाडीची) यूव्हीबी ट्यूब, 10 किंवा 12 टक्के यूव्हीबीची, बसायच्या जागेच्याच बाजूला. पिल्लाच्या पाठीपासून 30 ते 35 सेंटिमीटर, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक अजिबात नको. बारीक जाळी आडवी आली तरी साधारण तिसरा हिस्सा किरण अडतात, म्हणून ट्यूब जाळीच्या आत. वर्षाने बदलायची, दिसायला लख्ख पेटत असली तरी. गुंडाळीचे छोटे यूव्ही बल्ब नकोत. दिवसाचे बारा तास सगळे दिवे चालू, रात्री सगळे बंद, लालसुद्धा. हाडं भरेपर्यंत फांद्या आणि उंच दगड बाहेर, कारण वीतभर उंचीवरून पडलं तरी पाय मोडेल. बाल्कनीतल्या उन्हाचा सल्ला जूनमध्ये देऊन उपयोग नव्हता, पुण्याचं आभाळ भरलेलं. एरवी सकाळचं ऊन वीस मिनिटं उत्तम, पण जाळीच्या पिंजऱ्यात आणि अर्धी सावली ठेवून. काचेच्या टाकीत उन्हात ठेवलेला सरडा काही मिनिटांत भाजून निघतो.

खाणं दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढं. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. मीलवर्म बंद, त्यांचं कवच टणक आणि आत दम कमी. रातकिड्यांना आदल्या दिवशी गाजर, लाल भोपळा, तुतीचा पाला भरपूर खायला घालायचा, कारण किड्याच्या पोटात असतं तेच शेवटी सरड्याच्या पोटात जातं. रोज एका जेवणाचे किडे पावडरीत घोळवून लगेच द्यायचे. टाकीत सोडून ठेवले तर ते अंगावरची पावडर झाडून टाकतात, आणि रात्री उरलेले रातकिडे झोपलेल्या पिल्लालाच चावतात. ड-3 असलेली जीवनसत्त्वांची पावडर आठवड्यातून एकदा. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम मुळातच जास्त असलेला हा विरळा किडा आहे. पाला सकाळी, किड्यांच्या आधी, कारण पोट भरलं की पिल्लू पानाकडे ढुंकूनही बघत नाही. तुती, जास्वंदीची पानं-फुलं, मेथी, किसलेला लाल भोपळा. पालक नाही, माठ नाही, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ घरांत पालकच दिलेला असतो, कारण तो 'पौष्टिक'.

सहा आठवड्यांनी एक्स-रेवर हाडांच्या कडा पांढऱ्या दिसू लागल्या. छाती उचलून चालतंय. जबडा थोडा वाकडाच घट्ट झाला, तो आता सरळ होणार नाही, पाला बारीक चिरूनच द्यावा लागेल.

त्या भेटीत आजोबांनी विचारलं, "म्हणजे कमी भरवलं असतं तर बरं झालं असतं का हो?" याचं खरं उत्तर बरंच होकारार्थी आहे. भराभर वाढणाऱ्या हाडाला जास्त कॅल्शियम लागतं, त्यात दर किड्यागणिक फॉस्फरसची भर. ट्यूब आणि पावडर नसताना जितकं कौतुकाने भरवाल तितकं हाड लवकर खचतं. हे त्यांच्या तोंडावर म्हणवलं नाही, "ट्यूब नव्हती ना," एवढंच बोललो.

पण त्याच दुकानातून, त्याच खेपेतून घेतलेलं दुसरं पिल्लू त्याच महिन्यात आलं होतं. मालक कॉलेजातला मुलगा, वही वगैरे भानगड नाही, दोन दिवसांआड आठवेल तेव्हा मूठभर किडे. वजन 19 ग्रॅम, कातडी सैल, पोटात जंत. जबडा मात्र टणक. एक्स-रेत हाडं बारीक पण सरळ, कुठेही मोड नाही. ते खुरटलं म्हणून वाचलं, की त्याचा पिंजरा मे महिनाभर उघड्या बाल्कनीत पडून होता म्हणून, हे दोन फिल्म शेजारी लावून मी बरेचदा बघितलंय. दोन्ही असणार. कशाचा वाटा किती, ते फिल्म सांगत नाही. वाचलं ते केवळ हयगयीने, हे मात्र नक्की.

त्याला आता भरवायला हवं, आणि धोका तिथेच आहे. आधी ट्यूब बसवून फोटो पाठव, मग खाणं वाढवू, असं त्या मुलाला बजावलं. अजून फोटो आलेला नाही.