डॉलेट सुटलं, स्क्वॉल अजून सातवरच!

'फायनल फँटसी'च्या आठव्या भागात डॉलेट शहरातली सीडची, म्हणजे भाडोत्री सैनिकांच्या दलाची, परीक्षा पास झाले. नायक स्क्वॉल लेव्हल सातवर, एकाही लढाईतून पळ काढलेला नाही, आणि सायरन ही गार्डियन फोर्स (पात्रांना जोडायची मदतनीस शक्ती) हाती लागली. सैनिकांशी लढूनही लेव्हल चढू कशी द्यायची नाही, ही गेल्या नोंदीत न सुटलेली गाठ सुटली, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच सांगते.

'फायनल फँटसी'चे भांडणं लावणारे भाग पुन्हा खेळून पाहायचे, त्यातला आठवा चालू आहे, आणि तोही लेव्हल न चढवता. साध्या शत्रूंना क्वेझाकोटल या गार्डियन फोर्सची कार्ड कमांड लावून त्यांचा पत्ता करायचा : एपी (कौशल्यं शिकवणारे गुण) मिळतात, ईएक्सपी (लेव्हल चढवणारा अनुभव) मिळत नाही. बॉस तर ईएक्सपी देतच नाहीत. इथवर मार्ग सरळ.

अडलं ते परीक्षेत समोर येणाऱ्या गाल्बाडिया देशाच्या सैनिकांपाशी. माणसांचं कार्ड होत नाही. मारावं तर लेव्हल चढते, पळावं तर परीक्षेत गुण कापले जातात. त्यात किती शत्रू पाडले याचेही गुण असतात, म्हणजे लढाया टाळूनही भागत नाही. चौकाजवळच्या सेव्ह पॉइंटवर मी कित्येक रात्री घालवल्या. सगळं स्लीपवर भागवून पाहिलं, पण झोपलेल्या सैनिकाला शेवटी कोणीतरी मारावं लागतंच.

उत्तर डोळ्यांसमोर फिरत होतं : सायफर. तो डॉलेटपुरताच आपल्या टोळीत असतो. लढाई संपताना जो केओ (बेशुद्ध) पडलेला असतो त्याला ईएक्सपी मिळत नाही. म्हणून स्क्वॉल आणि त्याचा साथीदार झेल यांची एचपी-जंक्शन (जीवबळ वाढवायला जोडलेली जादू) काढून टाकली, दोघांना लवकर पडू दिलं आणि शेवटचा घाव सायफरला घालू दिला. लेव्हल चढली ती त्याची, पाडलेले शत्रू मोजले गेले ते माझ्या खात्यात! प्रत्येक लढाईनंतर पडलेल्यांना उठवायला फिनिक्स डाउन खर्ची पडतं, आणि बिग्ज-वेज या बॉसजोडीच्या आधी सगळी जंक्शनं परत लावावी लागतात. मेन्यूमधली ही खटपट कंटाळवाणी आहे, पण पहिल्यांदा निकालाच्या पडद्यावर स्क्वॉलचा आकडा जागचा हलला नाही तेव्हा मी मोठ्याने ओरडले.

एल्व्होरेट या बॉसकडून सायरन ड्रॉ केली (लढाईत खेचून घेतली) की पुढचं सुख सुरू होतं. तिला एल मॅग-आरएफ, म्हणजे वस्तूंपासून जादू बनवणारं रिफाइन, शिकवा. बालांबच्या दुकानातला तंबू 1,000 गिलला. एका तंबूचे 10 क्युरागा (बरं करणारी जादू) होतात. दहा तंबू, शंभर क्युरागा, एचपीवर जंक्शन, आणि 2,200 एचपीची भर. लेव्हल सातच्या पोराला! ड्रॉ करत ताटकळणं कुठेच नाही. 'आठवा म्हणजे नुसतं ड्रॉ-ड्रॉ' हा आरोप 1999 पासून ऐकतोय आपण. रिफाइन न उघडता खेळलं तर तो खराही वाटतो.

दुसरा आरोप, लेव्हल चढवली की शत्रूही चढतात म्हणजे व्यवस्थाच मोडकी. मला तो आता मान्य नाही. कमी लेव्हलची किंमतही खेळ वसूल करतो : सीडच्या लेखी चाचण्या स्क्वॉलच्या लेव्हलपुरत्याच देता येतात, म्हणजे माझ्या सातच, आणि पगार तिथेच अडतो. लढाईची व्यवस्था रचणाऱ्या हिरोयुकी इतो यांनी वाढ लेव्हलमधून काढून जादूच्या साठ्यात नेली, आणि ती पूर्ण विचाराने नेली.

हे सगळं स्विचवरच्या रीमास्टरवर चाललंय. फोंड्याच्या पावसात जुन्या डिस्कवर बुरशी धरते, आणि लाइट गेली तरी स्विच चालू राहतो. तिप्पट वेग मी बिनदिक्कत वापरते. लढाया बंद करण्याचं बटणही आहे. तीच सोय डायाब्लॉस या गार्डियन फोर्सला एन्क-नन शिकवून खेळातही कमवता येते. पात्रांचे चेहरे नवे आणि मागची चित्रं तशीच धूसर, हे 2019 मध्येही खटकलं होतं, आजही खटकतं. जॉयकॉनची कळ अडकायला लागली होती, ती म्हापशातल्या एका दुरुस्तीवाल्याने छान करून दिली. दमट हवेत खेळणाऱ्यांनी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाच.

चवथीच्या सुट्टीत तेरावा सुरू करायचं ठरलं होतं. पण लिहिता लिहिताच वाटतंय, आधी दुसऱ्या भागाकडे परत जावं. त्याचे रचनाकार कावाझू यांनी 1988 मध्येच लेव्हल काढून टाकली होती. जे हत्यार वापराल तेच वाढतं. मागच्या नोंदीत मी त्याला फक्त चिकाटीचा खेळ म्हटलं होतं. आठव्याच्या शेजारी ठेवून पाहिलं की दोघांचा प्रश्न एकच दिसतो, म्हणून दुसऱ्याचा पिक्सेल रीमास्टर (नवी आवृत्ती) आधी, तेरावा दिवाळीनंतर.

त्याआधी दुसऱ्या डिस्कवरचा डी-डिस्ट्रिक्ट तुरुंग आहे. तिथे पुन्हा सैनिक, आणि सायफर आपल्या बाजूला नाही. झेललाच बळी देऊन त्याची लेव्हल चढू द्यावी असं सध्या मनात आहे. पण त्याने टोळीची सरासरी वाढते आणि शत्रूही वर सरकतात. तिथून कोणी सातवरच बाहेर पडलं असेल तर जंक्शन काय लावली होती ते कळवा.