एसए-२०० : ओल सुकली, आर्क पेटला

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा आमच्या लिंकन एसए-२०० या इंजिनावर चालणाऱ्या जुन्या वेल्डिंग मशीनचा हेड काढून ठेवला होता आणि बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. आता मशीन चालतंय. मधल्या काळातला खरा घोर जनरेटरचा होता, म्हणून इंजिनाचं आधी उरकतो.

इंजिन कॉन्टिनेंटलचं एफ-१६२. चार सिलिंडर, १६२ घनइंच म्हणजे साधारण २.६५ लिटर, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बाजूला उभे. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये जाम होते. डिझेल आणि ट्रान्समिशन ऑइल चार दिवस मुरवलं, लाकडी ठोकळ्याने हलके ठोके दिले, सुटले. लॅपिंग केलं म्हणजे व्हॉल्व्ह त्यांच्या बैठकीवर घासून बसवले, गॅस्केट बनवून घेतलं. झालं.

जनरेटरने मात्र झोप उडवली. रबाळ्याच्या गाळ्यात पावसाळाभर खाडीकडचा दमट वारा येतो. जुलैत ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनमधून वीज किती गळते ते दाखवणारा मीटर लावला, तर तारा आणि बॉडी यांच्यात ०.२ मेगओहम. निदान एक तरी हवा. एका दुकानात लगेच सांगितलं, "पूर्ण रिवाइंडिंग करा," म्हणजे सगळी तार नव्याने गुंडाळा. मला ते पटेना. शेवटी वागळे इस्टेटमध्ये उभी हयात मोटर वाइंडिंग केलेल्या एका काकांना गाळ्यावर घेऊन आलो. त्यांनी पहिल्यांदा सगळे कार्बन ब्रश उचलायला लावले.

"अहो, सगळ्यांना एकत्र कशाला विचारता? एकेकाला वेगळं करून विचारा."

आर्मेचर (फिरणारा भाग) ०.९, फील्ड (बाहेरची स्थिर गुंडाळी) ३. खरी गळती ब्रश होल्डरच्या इन्सुलेशनवर होती. जुनं तेल आणि ब्रशची भुकटी मिळून काजळासारखा थर बसला होता. बोट फिरवलं तर काळं झालं आणि तो काळेपणा साबणानेही निघेना. कार्बनच तो, वीज वाहणारच. आधी व्हॅक्यूमने ओढून घेतलं. हवेचा फवारा मारला असता तर हीच भुकटी वाइंडिंगच्या फटींत बसली असती. मग क्लीनर आणि सुती फडकं. तेवढ्याने होल्डर २० च्या वर गेले.

आर्मेचरसाठी ताडपत्रीचा तंबू केला. खाली १०० वॉटचे दोन बल्ब, वर वाफ निघायला भोक. दुसऱ्या दिवशी आकडा ०.९ वरून ०.४ वर उतरला आणि माझ्या पोटात गोळा आला. काकांना फोन केला.

"गरम वाइंडिंगचा आकडा खाली येणारच, त्यात आतली ओल हलायला लागलीय. रोज तितक्याच गरमीला मोजा, वहीत लिहा आणि बल्ब बंद करू नका."

पाचव्या दिवसापासून आकडा चढू लागला. नवव्या दिवशी ६ मेगओहम! मगच वॉर्निश मारलं. रिवाइंडिंगला घाई करू नका, एवढं मी आता छातीठोक सांगेन.

कम्युटेटर म्हणजे आर्मेचरवरचा, ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल. त्याचं तांबं झिजून पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) वर आला होता. त्यावर ब्रश उडतात आणि ठिणग्या पडतात. लेथवर अगदी नखभर छिललं आणि हॅक्सॉ ब्लेडचे दात बाजूंनी घासून मायका सुमारे १ मिलिमीटर खाली कापला. प्रत्येक फट भिंगातून पाहिली, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. ब्रश बसवायला काचपेपरच वापरा, एमरी नको, तिचे कण तांब्यात रुततात.

खंडेनवमीला झेंडूची माळ घातली आणि हँडल मारलं. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि हँडल खालून वर ओढायचं, म्हणजे उलटा झटका आला तरी मनगट वाचतं. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं, पण व्होल्टेज शून्य. इतकी वर्षं पडून राहून लोखंडातलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलं होतं. इंजिन बंद केलं, एक्सायटरचे (फील्डला वीज पुरवणाऱ्या छोट्या जनरेटरचे) ब्रश उचलले, प्लस-मायनस दोनदा तपासून १२ व्होल्टची बॅटरी फील्डला पाच सेकंद टेकवली. परत चालू केलं आणि मीटरचा काटा उठला.

३.१५ मिलिमीटरची ७०१८ वेल्डिंग रॉड, क्लॅम्प मीटरवर ११० अँपियर. आर्क लागताच इंजिनाचा आवाज जड झाला, वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरने थ्रॉटल उघडला, पुन्हा मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास स्थिर. जनरेटरच्या डीसीचा तो मऊ, न तुटणारा आर्क मी पहिल्यांदाच हातात धरला. स्लॅग (वरची खपली) आपोआप सोलून निघाला आणि खाली शिंपल्यासारखी बीड, म्हणजे वेल्डची रेघ. काकांनी तुकडा हातात घेतला, दोनदा उलटसुलट केला आणि खिशात टाकला.

आता राहिलं ते असं : वीस मिनिटांनी रेडिएटरचा खालचा सांधा पाझरतो, आणि करंट बारीक जुळवायच्या रिओस्टॅटला (फिरवून कमीजास्त करायच्या रोधाला) एका जागी पकड नाही, तिथे आर्क दचकतो. त्याची तार कोणी बदलली असेल तर जाडी आणि ओहम कळवा.