दक्षिण वारा आणि पाकिटातला पंख

माझं काम पतंगांच्या नोंदींचं आहे, पतंग म्हणजे रात्री दिव्यावर येतात ते. लोक आपापल्या बागेत आठवड्यातून एक रात्र लाइट ट्रॅप, म्हणजे दिवा आणि त्याखाली पतंग गोळा करायचा डबा, लावतात, सकाळी काय काय आलंय ते मोजतात आणि यादी पाठवतात, आणि ती यादी तपासून प्रत्येक नोंद मान्य किंवा अमान्य करणं हे माझ्याकडे. अधूनमधून मी स्वतः कुणाच्या तरी बागेत जाऊन ट्रॅपजवळ बसते, कारण नुसतं स्क्रीनपुढे बसून हे काम नीट होत नाही हे माझं ठाम मत आहे. ही अशाच एका ऑक्टोबरातल्या रात्रीची आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळची गोष्ट.

इथे युरोपात एरवी ऑक्टोबर म्हणजे आकडे उतरायला लागलेले असतात. उन्हाळ्यात ज्या डब्यात शंभर-दीडशे पतंग निघतात तिथे आता दहा-पंधरा. पण जे येतात ते काय देखणे असतात! सॅलो नावाचे पिवळे-केशरी पतंग असे की गळलेल्या पानांत बसले तर समोर असूनही दिसत नाहीत. मर्व्हेल दु जूर हिरवा-काळा, थेट दगडफुलाच्या नक्षीचा, ओकच्या खोडावर बसला की संपलंच. आणि नोव्हेंबर मॉथचे ते करडे भाऊबंद, जे बाहेरून बघून एकमेकांपासून वेगळे सांगता येत नाहीत, म्हणून आम्ही 'नोव्हेंबर मॉथ गट' एवढंच लिहितो आणि पुढे जातो. हे सगळे इथलेच. पण इथले कमी झाले की दक्षिणेकडून आलेले पाहुणे लगेच डोळ्यांत भरतात, त्यामुळे स्थलांतराचं काम करणाऱ्याला हे दिवस सोडवत नाहीत.

त्या आठवड्यात सलग तीन दिवस दक्षिणेचा वारा होता, आभाळ भरलेलं, रात्रीसुद्धा तापमान १५ अंशांच्या खाली जात नव्हतं, आणि सकाळी गाडीच्या काचेवर तांबूस धूळ बसलेली दिसली, सहारातून येते तशी. धूळ आली म्हणजे पतंग येतीलच असं काही नाही, पण हवा कुठून येतेय ते तर कळतं. मी लगेच आजींना फोन केला.

आजी म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या ट्रॅपवाल्यांपैकी एक, नात्यातल्या नाहीत पण सगळे त्यांना आजीच म्हणतात. त्यांचा ट्रॅप अगदी साधा, १५ वॉटची अ‍ॅक्टिनिक (अतिनील उजेडाची) ट्यूब, तिच्याखाली फनेल, फनेलखाली डबा, आणि डब्यात पतंगांना दडून बसायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. पण त्यांची वही बघावी. तारीख, वारा, तापमान, ढग, आणि काहीच आलं नाही तर ठसठशीत शून्य. बरेच लोक शून्य आलं की पाठवतच नाहीत, त्यांना वाटतं काही मिळालंच नाही तर कळवायचं काय, आणि मग त्या रात्री ट्रॅप लावलाच नव्हता की लावूनही काही आलं नाही हे आम्हाला कधीच कळत नाही. आजींचं एकही शून्य कधी चुकलेलं नाही.

आणि याच आजींची एक नोंद मी तीन वर्षांपूर्वी अमान्य केली होती. त्यांनी लिहिलं होतं, 'संध्याकाळी तंबाखूच्या फुलांवर मोठा करडा पतंग, हवेत एका जागी थांबून, सोंड माझ्या बोटापेक्षा लांब.' वर्णन कॉनव्हॉल्व्ह्युलस हॉकमॉथचं, पण फोटो नव्हता. लोक मोठा म्हणून कळवतात आणि पुष्कळदा तो हमिंगबर्ड हॉकमॉथ निघतो, तोसुद्धा फुलापुढे तसाच थांबतो पण अंगानं खूप लहान, आणि अंदाजानं सांगितलेल्या मापावर मी विश्वास ठेवत नाही. 'फोटो आहे का?' विचारलं, 'नाही' असं उत्तर आलं, मी अमान्य टाकलं. आजी काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या प्रत्येक पतंगाचा फोटो यायला लागला, अगदी साध्यातल्या साध्या पतंगाचासुद्धा.

तर त्या संध्याकाळी पोचले तेव्हा अंधारायला लागलं होतं. ट्यूब अजून लावली नव्हती. आजी म्हणाल्या, "आधी फुलांपाशी बस. दिवा मग." शोभेच्या तंबाखूचा वाफा होता, पांढरी लांब नळीची फुलं, संध्याकाळी वास सुटतो ती. आम्ही दोघी खुर्च्या टाकून गप्प बसलो. वीसेक मिनिटं काही नाही. मग कानाजवळून एक जड घरघर गेली आणि समोरच्या फुलापुढे तो येऊन थांबला.

मी यापूर्वी हा पतंग डब्यात पाहिलाय, हातात धरलाय, पण फुलावर इतक्या जवळून कधीच नाही. पंख नुसते धूसर दिसतात, मधलं धड मात्र जागचं हलत नाही, पोटाच्या दोन्ही बाजूंना गुलाबी-काळे पट्टे. आणि ती सोंड! अंगापेक्षा लांब, आधी गुंडाळी सोडत खाली आली, फुलाच्या तोंडाशी जरा चाचपडली आणि मग पूर्ण आत. फूल त्याच्या वाऱ्यानं थरथरत होतं. एका फुलाला दोन-तीन सेकंद, की पुढचं. आजींनी मोबाइल वर केला आणि फोटो काढले, एकामागून एक, हात अजिबात न हलता. मला मात्र आपल्या हातात कॅमेरा आहे हेच सुचलं नाही.

मग दिवा लावला. हे काम करताना एक गोष्ट मी दर वेळी बघत बसते. पतंग दिव्यावर भाळतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण २०२४ मध्ये हाय-स्पीड कॅमेऱ्यांनी केलेलं एक संशोधन आलं, त्यात दिसलं की किडे उडताना आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री जमिनीपेक्षा आभाळ उजळ, म्हणून पाठ उजेडाकडे म्हणजे आपण सरळ, हा त्यांचा हिशोब. जवळ दिवा आला की हा हिशोब बिघडतो, पतंग तिरका होतो, गोल गोल फिरतो, आणि दिव्याच्या बरोबर वर आला तर उलटा होऊन खाली पडतो. वाचल्यापासून मला ते प्रत्येक पतंगात दिसतं. त्या रात्री तर दहा मिनिटांत तीन सिल्व्हर वाय असेच ट्यूबवर उलटे होऊन फनेलमध्ये गेले.

या सिल्व्हर वायचं मला फार वाटतं. पंखावर रुपेरी वाय अक्षरासारखी खूण, एवढाच दागिना. उत्तरेकडच्या थंडीत हा टिकत नाही, दर वसंतात नव्यानं दक्षिणेतून येतो. पूर्वी समज असा होता की शरदात त्यांची पिल्लावळ इथेच मरून जाते. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या रडारच्या आणि जमिनीवरच्या नोंदींवरून संशोधकांनी दाखवलं की वसंतात १ ते २४ कोटी पतंग तिथे येतात, उन्हाळ्यात त्यांची संख्या साधारण चौपट होते आणि ती पुढची पिढी शरदात दक्षिणेला परत जाते, तेही वाट्टेल त्या रात्री नाही, उंचावरचा वारा आपल्या बाजूचा आहे अशी रात्र निवडून. म्हणून वारा दक्षिणेचा असताना आजींच्या बागेत दिसत होते ते बहुधा निघायच्या तयारीतले आणि वारा फिरायची वाट बघत थांबलेले असावेत, असा माझा अंदाज.

रात्री झोप अशी झालीच नाही. पहाटे उजाडायच्या आधी बाहेर पडलो, कारण उशीर केला तर भिंतीवर बसलेले पतंग पक्षी टिपून नेतात, रॉबिन तर ठरलेल्या वेळी हजर असतो. डब्याचं झाकण काढताना आत एक मोठी गांधीलमाशी, हॉर्नेट, ट्रेच्या कडेवर बसून कुणाचे तरी पंख कुरतडत होती. तिला आधी ग्लासखाली धरून सोडलं आणि मग एकेक ट्रे उलटायला लागलो. मी नाव सांगायचं, आजींनी लिहायचं. सिल्व्हर वाय ३४. रश व्हेनियर ५७, हा बारीक लांबट तपकिरी, कुणी ढुंकूनही बघणार नाही असा, पण तोही लांबून आलेला. डार्क स्वॉर्ड-ग्रास ३. एक व्हेस्टल, गवतासारखा पिवळसर आणि पंखावर तिरकी गुलाबी रेघ. कोष ज्या तापमानात वाढतो त्यावर हा रंग ठरतो, थंडीत वाढलेला जास्त गडद आणि उबेत वाढलेला फिका. हा फिका होता, म्हणजे कुठल्या तरी उबदार जागी तयार झालेला. आणि इथले सॅलो मात्र फक्त ४.

शेवटच्या ट्रेखाली हॉकमॉथ. कालचाच की दुसरा कोण जाणे. तळहातावर घेतला तर आधी गार आणि जड, मग सगळं अंग थरथरायला लागलं. उडायच्या आधी हे पतंग छातीचे स्नायू थरथरवून अंग तापवतात, त्याशिवाय पंख चालत नाहीत. मिनिटभर हातात ते कंपन नुसतं वाढत गेलं, आणि मग तो उठला आणि कुंपणावरून गेला.

आजी वही मिटत म्हणाल्या, "मग आता माझा तो जुना खरा धरणार का?"

मला काय बोलावं कळेना. खोटं बोलायची इच्छा नव्हती. म्हटलं, "आजी, आज आला म्हणून तीन वर्षांपूर्वीही तोच होता असं नाही ना म्हणता येत. त्या दिवसाचा पुरावा हवा."

"पुरावा आहे की," म्हणून त्या आत गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. वर त्यांच्याच अक्षरात तारीख, माझ्याकडे पाठवलेल्या नोंदीच्या दुसऱ्या दिवसाची, आणि 'तंबाखूजवळ, ओट्याच्या तुळईखाली'. आत एक पुढचा पंख, करडा, त्यावर काळपट नागमोडी रेघा, मापला तर जवळपास पाच सेंटिमीटर. त्या तुळईला वटवाघूळ लटकून पतंग खातं, पंख खाली टाकून देतं, आजही तिथे खाली चार-पाच पडलेले होते.

"अहो, हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू फोटो आहे का विचारलंस. फोटो नव्हता. पंख तू विचारलाच नाहीस, आणि मला वाटलं तुमच्यात तो चालत नसेल."

मी पंख तसाच हातात धरून उभी होते. किती जणांना मी असं विचारलं असेल, एवढा एकच प्रश्न, आणि किती पाकिटं कुठल्या कुठल्या खणांत पडून असतील!

ऑफिसात जाऊन पंखाचा मोजपट्टी ठेवून फोटो काढला, वरिष्ठांना दाखवला, त्यांनी संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून बघितला. पाकिटावरची तारीख, जागा, आजींची त्या रात्रीची वही, सगळं जुळलं. नोंद मान्य झाली, शेऱ्यात 'पंख, वटवाघळाच्या जागेखाली' असं लिहिलं. आणि आमच्या तपासणीच्या मेसेजमधलं 'फोटो आहे का?' काढून 'तुमच्याकडे त्या रात्रीचं काय काय आहे?' असं केलं. तेवढ्यानं पहिल्याच आठवड्यात एकानं काड्यापेटीत ठेवलेला अख्खा मेलेला पतंग पाठवला, एकीनं नुसतं पेन्सिलनं काढलेलं चित्र, पण चित्रात ठिपके अगदी बरोबर.

पुढच्या शुक्रवारी वारा फिरला. रात्री ४ अंश, आभाळ स्वच्छ, चांदणं. सकाळी आजींचा मेसेज आला, वारा उत्तर, ढग नाहीत, आणि पुढे शून्य. मी ते शून्य लगेच सिस्टिममध्ये टाकलं.