पस्तीस की पन्नास

नवा रेंजफाइंडर कॅमेरा हातात आला की सुरुवातीला फोटो काढले जात नाहीत, तक्ते वाचले जातात. लेन्सचे तक्ते, फिल्मचे तक्ते, कुठल्या लेन्सच्या कडा कितव्या अ‍ॅपर्चरला, म्हणजे लेन्सच्या भोकाच्या कुठल्या मापाला, धारदार होतात त्यांचे तक्ते. सध्या मी त्याच अवस्थेत आहे. कॅमेरा टेबलावर, पोट रिकामं, आणि लेन्स ३५ मिलिमीटरची घ्यावी की ५०ची (आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद), यावर माझं मत रोज रात्री बदलतंय.

एसएलआरवाल्यांचं, म्हणजे आतल्या आरशामुळे थेट लेन्समधूनच बघणाऱ्यांचं, बरं असतं. लेन्स बदलली की डोळ्यासमोरचं चित्र बदलतं. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही; बाजूच्या एका खिडकीतून बघतो. लेन्स कुठलीही लावा, ती खिडकी तेवढंच जग दाखवते. बदलते ती फक्त आतली उजळ चौकट. (लेन्सवर टोपण राहिलं तरी सगळं लख्ख दिसतं. त्या टोपणाने भल्याभल्यांचे अख्खे रोल खाल्ले आहेत.) त्यामुळे लेन्स घेण्याआधी त्या खिडकीची परवानगी काढावी लागते.

१९५४ सालच्या लायका एम३ची खिडकी जग ०.९१ पट दाखवते, म्हणजे जवळपास आहे तेवढंच. दुसरा डोळा उघडा ठेवूनही खुशाल बघा. पण चित्र एवढं मोठं केल्यावर त्यात ५०, ९० आणि १३५ मिलिमीटरच्याच चौकटी मावल्या. ३५ला जागा उरली नाही. मग लायकाने काय करावं? ३५च्या लेन्सलाच पुढून चष्मा लावला! पुढच्या एम२मध्ये खिडकी ०.७२ पटीवर आणली, तेव्हा कुठे ३५ची चौकट सुखाने आत आली. माझ्या कॅमेऱ्याची खिडकीही त्याच पटीची आहे. तिच्यात ९०ची चौकट मधोमध एवढीशी दिसते, की समोरच्याचा चेहरा टिपतोय की त्याचं पारपत्र तयार करतोय असा प्रश्न पडावा. ९० बाद. २८ लावली तर माझ्या डोळ्यांवरच्या चष्म्यामुळे चौकटीच्या कडा दिसत नाहीत. तीही बाद. उरल्या दोन, आणि भांडण त्यांच्यातच आहे.

पन्नासच्या बाजूने थोर फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ उभे आहेत, आणि ते उभे असले की समोरच्या पक्षाला घाम फुटतो. शिवाय पन्नासच्या चौकटीबाहेर बरंच जग दिसत राहतं. डावीकडून सायकल येतेय, ती अजून चौकटीत नाही, पण येणार आहे, हे आधी कळतं. एसएलआरमध्ये हे सुख नाही. ३५ची चौकट खिडकीचा बराच भाग व्यापते. बाहेरचं येणंजाणं उशिरा कळतं.

पण ३५कडे एक हुकमी पान आहे. एफ/८ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं भोक लहान) फोकस ३ मीटरवर लावून ठेवला, तर ३५च्या लेन्सने साधारण १.९ ते ७ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. तेच पन्नासला केलं तर जेमतेम २.३ ते ४.२. रस्त्यावर हा फरक फार मोठा. फोकस जुळवायला खिडकीतल्या पिवळसर ठिपक्यात दोन प्रतिमा एकमेकींवर आणून बसवेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. ३५वाला आधीच तयार असतो. मी ३५कडे झुकलो तो या आकड्यांमुळे, कलेमुळे नव्हे.

मग एफ/१.४ची हाव सुटते. रेंजफाइंडर घ्यावा आणि एफ/१.४ घेऊ नये, हे म्हणजे लग्नाला जाऊन जेवू नये तसं वाटतं. पण इथे फिल्म मध्ये बोलते. आयएसओ ४००ची, म्हणजे प्रकाशाला बऱ्यापैकी संवेदनशील फिल्म भरली की लख्ख उन्हात एक्स्पोजर होतं एफ/१६ला १/५०० सेकंदाच्या आसपास. जुन्या धाटणीच्या कापडी शटरची धाव १/१०००ला संपते, म्हणजे फार तर एफ/११. भर दुपारी एफ/२ वापरायचं तर शटर १/२५,००० सेकंदाच्या आसपास हवं. तेव्हा दिवसभर एफ/१.४ची लेन्स आणि एफ/२.८ची लेन्स एकाच रांगेत उभ्या. संध्याकाळी ती कामाला येते, हे खरं. पण तिचं जाडजूड नाक खिडकीच्या कोपऱ्यात कायम घुसलेलं असतं. एफ/२ पुरे. आरसा आपटत नसल्यामुळे १/३०, श्वास रोखला तर १/१५ला देखील हात निभावून नेतो.

मग कमी संवेदनशील, १००ची फिल्म का नको? कारण घरात शिरताच ती हात वर करते, आणि उन्हातून सावलीत, सावलीतून खोलीत जाताना अर्धा रोल काढून बदलायची माझी तयारी नाही. स्लाइड फिल्मला अर्ध्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) चूकही खपत नाही, आणि माझ्या कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारा मीटर नाही. कोडाक्रोमसाठी हळहळण्यात अर्थ नाही. १९३५ला आलेली ती फिल्म २००९ला बंद झाली. रंगीत नेगेटिव्ह जास्तीचा प्रकाश उदारपणे पोटात घालते, पण मला ग्रेन, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, हवाय, आणि तो काळापांढराच हवाय. एचपी५ किंवा ट्राय-एक्स, या ४००च्या दोन फिल्मपैकी जी मिळेल ती. दोन्ही गरज पडल्यास १६००पर्यंत ओढता येतात, म्हणजे १६००ची समजून वापरायची आणि धुताना जास्त वेळ द्यायचा. यातली कुठली श्रेष्ठ यावर तावातावाने बोलणाऱ्यांना न सांगता प्रिंट दाखवावेत आणि ओळखायला लावावं.

आणि पिवळा फिल्टर. तो आकाश जरा गडद करतो, ढग उठून दिसतात, आणि खिडकी त्याच्या मागे नसल्यामुळे बघताना जग पिवळं होत नाही. तो एक स्टॉप प्रकाश खातो, हा त्याचा दोष समजतात. पण हिशेब करून बघा: ४००ची फिल्म, रणरणतं ऊन, १/१०००ला एफ/११. त्यात फिल्टर लावला की एफ/८. म्हणजे नेमकं तेच अ‍ॅपर्चर, ज्यावर ३ मीटरचा हिशेब जमतो! हे लक्षात आलं त्याच रात्री मी फिल्टर मागवला. लेन्स अजून यायचीय. फिल्टर ३९ मिलिमीटर व्यासाचा आहे; लायकाच्या एफ/२च्या बऱ्याच ३५ लेन्सवर बसतो. बऱ्याच ५०वरही बसतो, हे मी मागवण्याआधी बघून घेतलं होतं.