बायोलॉजिकच्या आधी लसीचं कार्ड काढा

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या आजाराचं निदान झालं की घरच्यांचं सगळं लक्ष शौचावाटे जाणारं रक्त कधी थांबेल आणि वजन कधी भरेल याकडे लागतं. ते साहजिकच आहे. पण लसीचा विषय बायोलॉजिकची (इन्फ्लिक्सिमॅबसारख्या, प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाची) तारीख ठरल्यावर निघाला, तर काही लसींची वेळ तेव्हा टळून गेलेली असते. म्हणून आमचा आग्रह एवढाच आहे की जुनं लसीचं कार्ड निदानाच्या आठवड्यातच शोधा. आजार शांत असो वा भडकलेला, कार्ड बघायला काहीच अडचण नसते.

लसींची खरी अडचण औषधांमुळे होते. नुसत्या मेसालामाइनवर असाल तर प्रतिकारशक्ती दडपली जात नाही. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा अधिक काळ, ॲझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, युस्टेकिनुमॅब, टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब यांपैकी काही चालू असेल, तर ती दडपलेली धरायची. वेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यापुरतं काम करतं, त्यामुळे त्याबाबतचा निर्णय तज्ज्ञांवर सोडावा.

प्रतिकारशक्ती दडपलेली असताना जिवंत लसी टाळायच्या, कारण त्यातला क्षीण केलेला जंतू अशा शरीरात वाढू शकतो. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजिण्या, पीतज्वर, बीसीजी (क्षयाची लस), नाकात फवारायची फ्लूची लस, तोंडावाटे घ्यायची पोलिओ आणि टायफॉइडची लस या सगळ्या जिवंत आहेत. फ्लू, पोलिओ आणि टायफॉइडच्या इंजेक्शनच्या लसी मात्र जिवंत नाहीत, त्या चालतात. लस घेताना नुसतं 'टायफॉइडची द्या' म्हणू नका. कोणती औषधं चालू आहेत ते आधी सांगा.

जिवंत लस औषध सुरू होण्याच्या किमान ४ आठवडे आधी घ्यावी लागते. कांजिण्या येऊन गेल्यात की नाही, दोन डोस झालेत की नाही, हे ठाऊक नसेल तर रक्तातली अँटिबॉडी (जंतूशी लढणारं प्रथिन) तपासतात. मोठ्या माणसाला दोन डोस लागतात आणि त्यांत किमान ४ आठवड्यांचं अंतर असतं. म्हणजे दोन्ही डोस आणि पुढची वाट धरून दोन महिने जातात. आजार जोरात असेल तर एवढं थांबता येत नाही, आणि थांबूही नये. लसीसाठी उपचार लांबवल्याने आतड्याचं नुकसान होतं. अशा वेळी जिवंत लस बाजूला ठेवायची आणि बाकीच्या घ्यायच्या. आणखी एक खाच आहे. एमएमआरसारख्या जिवंत लसीनंतर काही आठवडे क्षयाची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. बायोलॉजिकआधी ही चाचणी लागतेच, तेव्हा ती लसीच्या दिवशीच करा किंवा त्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी.

हिपॅटायटिस बी हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. लपून बसलेला हा विषाणू इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधाने पुन्हा जागा झाला तर यकृत निकामी होऊ शकतं. म्हणून औषधाआधी तीन तपासण्या हव्यात: विषाणूच्या पृष्ठभागावरचं अँटिजेन (त्याचा ओळखता येणारा अंश), त्याविरुद्धची अँटिबॉडी आणि विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटिबॉडी. तिसरी पुष्कळदा राहून जाते, आणि जुना संसर्ग तीच दाखवते. रक्त लसीच्या आधी द्या, कारण लसीनंतर दोन-तीन आठवडे अँटिजेन लसीमुळेच पॉझिटिव्ह दिसू शकतं. नेहमीच्या लसीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी मोजा. १० mIU/mL किंवा वर आली तर संरक्षण मिळालं. बायोलॉजिकवर असलेल्यांत ती पुरेशी न वाढणं नवीन नाही. तेव्हा दुप्पट ताकदीचे डोस किंवा पुन्हा पूर्ण कोर्स देतात. मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेला घ्यायचा. इंजेक्शन दंडात घ्या. कुल्ल्यावर घेतलं तर लसीचा परिणाम कमी होतो.

फ्लूची लस दरवर्षी. न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरची) २० प्रकारांवरची लस एकदाच पुरते. १५ प्रकारांवरची घेतली, तर प्रतिकारशक्ती दडपलेल्यांना किमान ८ आठवड्यांनी २३ प्रकारांवरची घ्यावी लागते. एचपीव्हीचे (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरच्या लसीचे) अशा रुग्णांना कोणत्याही वयात तीन डोस लागतात.

नागिणीच्या लसीकडे विशेष लक्ष द्या, विशेषतः टोफासिटिनिब किंवा उपाडासिटिनिब सुरू होणार असेल तर, कारण या गोळ्यांनी नागीण होण्याचं प्रमाण वाढतं. रीकॉम्बिनंट लस (प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रथिनाची) जिवंत नाही, आणि प्रतिकारशक्ती दडपलेल्या प्रौढांना तिच्यासाठी पन्नाशीची वाट पाहावी लागत नाही. दोन डोसांत एरवी दोन ते सहा महिने अंतर ठेवतात, गरज असेल तर एक ते दोन महिन्यांवरही चालतं. दंड चांगलाच दुखतो आणि अंगात कणकण राहते, पण ते दोन-तीन दिवसांत ओसरतं. त्या धास्तीने दुसरा डोस सोडू नका.

लसीने आजार भडकतो ही भीती आम्ही वारंवार ऐकतो. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. निष्क्रिय, म्हणजे जिवंत नसलेल्या, लसीसाठी बायोलॉजिकचा डोस पुढे ढकलायचीही गरज नाही. बायोलॉजिकचं सलाइन लावण्याच्या दिवशीच फ्लूची लस घेतली तरी चालतं.

घरातल्या मुलांना एमएमआर आणि कांजिण्यांची लस जरूर द्या, त्याने रुग्णाचंच रक्षण होतं. कांजिण्यांच्या लसीनंतर मुलाला पुरळ आलं तर ते जाईपर्यंत रुग्णाने जवळचा संपर्क टाळावा. रोटाव्हायरसचे थेंब घेतलेल्या बाळाचे लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत.

गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब चालू असेल तर ते वारेतून बाळात जातं आणि काही महिने तिथे राहतं. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या आईच्या बाळाला बीसीजी दिल्यावर त्या लसीतल्या जंतूचा संसर्ग अंगभर पसरून बाळ दगावल्याची नोंद २०१० मध्ये झाली. म्हणून अशा बाळाला निदान पहिले सहा महिने बीसीजी देत नाहीत, आणि इन्फ्लिक्सिमॅब असेल तर काही तज्ज्ञ वर्षभर थांबायला सांगतात. जिथे बीसीजी जन्मानंतर लगेच टोचतात, तिथे हे प्रसूतीआधीच बाळाच्या डॉक्टरांना कळवा आणि प्रसूतीच्या कागदांवर औषधाचं नाव व शेवटच्या डोसची तारीख ठळक लिहून घ्या. बाळाच्या निष्क्रिय लसी मात्र ठरल्या वेळीच द्यायच्या.