मुक्काम, मकाम आणि माझे हाल

यंदा पहिल्यांदाच वारीला गेलो, देहू ते यवत एवढंच, रजाच तेवढी मिळाली. इनामदार वाड्यातनं तुकोबांची पालखी निघाली की पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते हे ऐकून होतो, पण तिथं गर्दीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि अर्धी आरती चप्पल शोधण्यातच गेली.

दिंडीत श्रीगोंद्याचे एक रिटायर्ड गुरुजी होते. त्यांच्या गावचे शेख महंमद महाराज कादरी परंपरेतले सूफी, आणि योगसंग्राम लिहिला तो मराठीत. मी विचारलं, गुरुजी हे कादरी, चिश्ती नेमकं काय असतं? तर म्हणाले, "आपले वारकऱ्यांचे फड असतात ना, तसं समजा. प्रत्येकाची गुरुपरंपरा वेगळी, तिला सिलसिला म्हणायचं. चिश्तींच्यात कव्वाली, नक्शबंदी लोकांचा जिक्र, म्हणजे नामस्मरण, बहुतेक मनातल्या मनात." हे सगळं टाळ-मृदंगाच्या गजरात माझ्या कानाशी ओरडून चाललेलं!

पुण्यातनं लोणीकडे निघालो तोवर टाचेला रुपयाएवढा फोड. सारखं विचारत होतो, मुक्काम किती लांब. गुरुजी हसले, "माऊली, मुक्काम हा शब्दच अरबीतला, मकाम. सूफींच्या वाटेवर पण मुक्काम असतात." १० व्या शतकात तूसच्या अबू नस्र सर्राज यांनी असे ७ सांगितलेत म्हणे, पहिला तौबा म्हणजे पश्चात्ताप, शेवटचा रजा म्हणजे देव ठेवील तसं राजी राहणं, आणि मधे सब्र म्हणजे धीर, तवक्कुल म्हणजे देवावर भरवसा वगैरे. (रजा म्हटल्यावर मला ऑफिसच आठवलं.) "मकाम कष्टानं गाठायचा, पण हाल, म्हणजे मनाची अवस्था, वरून येतो, आला तसा जातो." म्हटलं माझे हाल तर सकाळपासनंच चाललेत.

पण लोणीच्या अलीकडे डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी शेजारी आल्या, पावलागणिक विठ्ठल विठ्ठल, मीही नकळत म्हणायला लागलो आणि खरं सांगतो, दहाएक मिनिटं टाच दुखतीय हेच विसरलो. मग फोन वाजला, मॅनेजरचा, एक फाईल सापडत नव्हती. ठेवला तर आजी पुढे गेलेल्या आणि फोड ठणकतोय.

यवतला पिठलं-भाकरीची ही मोठी लाईन. गुरुजींना विचारलं, तुम्ही कितव्या मुक्कामावर? म्हणाले, "तौबा चारदा करून झाली, सब्रापाशी गाडी अडलीय," आणि माझ्या पुढनं लाईनीत घुसले.